न्यू जर्सी ते भवानी पेठ : किती किलोमीटर, किती तास?

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

'मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती?' असं कॉम्प्युटरला विचारलं की सेकंदाच्या आत उत्तर येतं : सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, विमानाने पंधरा-सोळा तास. उत्तर बरोबर आहे. पण या उत्तरावर भरवसा ठेवून कुणी घरी 'उद्या सकाळी पोचतो' असं कळवलं, तर घरचे लोक दुसरा अख्खा दिवस दाराकडे बघत बसतील. असं का होतं, हेच या लेखात सांगायचं आहे.

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर जीआरईची जाडजूड पुस्तकं दिसतात. आज पुस्तक उघडून बसलेली मंडळी दोन-तीन वर्षांनी कुठे ना कुठे 'तिकडे' असणार, आणि त्यांचे आई-वडील इकडे. तेव्हा हा विषय फक्त जनरल नॉलेजचा नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'लॅटिट्यूड-लाँजिट्यूड' पाठ होतं, पण 'अक्षांश-रेखांश' हे शब्द घरी आजीला समजावून सांगताना शिकले. त्यामुळे भाषा थोडी इकडची-तिकडची झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं!

सरळ रेषा वाकडी का दिसते?

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क शोधा आणि पट्टी ठेवून रेघ ओढा. रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाईल. आता विमानात सीटसमोरच्या पडद्यावर दिसणारा मार्ग आठवा, किंवा जाऊन आलेल्या कुणाला विचारा. विमान मुंबईहून निघून चक्क उत्तरेकडे जातं आणि मग अटलांटिकच्या वरच्या टोकाकडून खाली उतरतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, पायलट वाट चुकला की काय!

पायलट बरोबर असतो. फसवतो तो नकाशा. शाळेत टांगलेले बहुतेक नकाशे ज्या घराण्यातले, त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे मर्केटरने १५६९ साली काढलेला नकाशा. तो जहाजांसाठी होता. होकायंत्राची दिशा न बदलता चालत राहिलं तर ती वाट नकाशावर सरळ रेघ दिसावी, ही त्याची गरज. त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश ताणावे लागले. म्हणून ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे, आणि आपला भारतसुद्धा ग्रीनलँडच्या दीडपट आहे.

खरा मार्ग बघायचा तर गोल हवा आणि दोरा हवा. आमच्या भवानी पेठेत दोऱ्याची कमी नाही. घोंगडे वस्तीकडे कुठल्याही गल्लीत शिरा, यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो आणि सुताचे कोन रचलेले दिसतात. त्यातला हातभर दोरा घेतला आणि भावाच्या पृथ्वीगोलावर मुंबई-न्यूयॉर्क असा ताणून धरला. ढिला होता तोवर तो कुठूनही जात होता. ताणला तसा आपोआप वर सरकला आणि आइसलंडजवळ जाऊन बसला. ताणलेला दोरा नेहमी सर्वांत जवळची वाट धरतो. गोलावरच्या या वाटेला 'बृहत्वृत्त' म्हणतात, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून कापलेल्या वर्तुळाचा तुकडा.

आता गणित. मुंबई विमानतळ १९.१ अंश उत्तर, ७२.९ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ अंश उत्तर, ७३.८ अंश पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज करायची : १४६.७ अंश. सूत्र असं :

कॉस (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कॉस (पहिला अक्षांश) × कॉस (दुसरा अक्षांश) × कॉस (रेखांशांतला फरक)

आकडे भरले की ०.२१३ वजा ०.६००, म्हणजे उणे ०.३८७ येतात. त्याचा कोन ११२.८ अंश. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,०३० किमी धरला तर एका अंशाला १११.२ किमी. गुणाकार केला की साधारण १२,५४० किमी. फर्स्ट इयरच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे, करून बघा.

याच सूत्राला पुढे ओढलं तर कळतं की मुंबईतून निघताना दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे जेमतेम २७ अंश वळलेली असते, आणि वाट सर्वांत वर ६४-६५ अंश अक्षांशापर्यंत जाते. भिंतीवरच्या नकाशातली सरळ रेघ धरून गेलं तर हेच अंतर १४,२०० किमीच्या आसपास भरतं. म्हणजे 'वाकडी' वाट साडेसोळाशे किमीने जवळची! वेळेत सांगायचं तर जवळजवळ दोन तास.

जायला जास्त, यायला कमी

मोठी जेट विमानं ध्वनीच्या वेगाच्या ८४-८५ टक्के वेगाने जातात. दहा-अकरा किमी उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं. तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६५ किमी, म्हणून विमानाचा ताशी ९०० धरू. १२,५४० भागिले ९०० म्हणजे चौदा तास. मग अमेरिकेला जाताना साडेपंधरा-सोळा तास आणि येताना त्याहून कमी, असं का?

पुष्कळ जणांचं उत्तर ठरलेलं असतं : 'पृथ्वी फिरते ना, म्हणून.' तसं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान हवेत असतं. धावत्या रेल्वेत तुम्ही डब्याच्या पुढच्या टोकाला चालत गेलात काय किंवा मागच्या, पावलं तेवढीच लागतात.

खरं कारण म्हणजे जेट प्रवाह. समशीतोष्ण पट्ट्यात नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे नदीसारखे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किमीच्या वर सहज जातो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि जगाने वाचावं म्हणून अहवाल १९२६ साली एस्पेरांतो भाषेत छापला. ती भाषा वाचणारे थोडे, त्यामुळे बाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही. (कॉन्व्हेंटवाल्यांनी यातून बोध घ्यावा. ज्ञान कुठल्या भाषेत सांगतो यालाही महत्त्व असतं!)

या वाऱ्याची ताकद बघायची तर ९ फेब्रुवारी २०२० चं उदाहरण घ्या. त्या दिवशी वादळी हवामानात ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा-सात तास लागतात. साडेपाच हजार किमी अंतराला हा वेग ताशी अकराशेच्या वर जातो, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने ध्वनीपेक्षाही जास्त. पण विमान ज्या हवेत होतं त्या हवेच्या हिशेबाने ते नेहमीच्याच वेगात होतं. पुराच्या पाण्यातली होडी आणि काठावरचा माणूस, एवढाच फरक.

इथे एक मजेशीर प्रश्न. जाताना वारा जेवढा अडवतो तेवढाच येताना ढकलतो, मग जाऊन-येऊन हिशेब फिटतो का? नाही फिटत. वारा सरासरी ताशी १०० किमी आणि अंतर १२,५०० किमी धरा. जाताना वेग ८००, म्हणजे १५.६ तास. येताना १,०००, म्हणजे १२.५ तास. एकूण २८.१. वारा नसता तर २७.८ तास लागले असते. वीस मिनिटं गेली ती गेलीच, कारण विमान उलट्या वाऱ्यात जास्त वेळ राहतं. व्हायव्हात विचारतील, लक्षात ठेवा.

आकाशालाही कुंपण असतं

दोरा ताणताना मध्ये कुठला देश येतो हे आपण बघितलं नाही. विमान कंपनीला बघावं लागतं. प्रत्येक देश आपल्या डोक्यावरच्या आकाशाचा मालक असतो. तो तिथून जाण्याचे पैसे घेतो आणि वाटलं तर रस्ता बंदही करतो. पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै २०१९ मध्ये आकाश बंद ठेवलं होतं. पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये त्याने भारतीय विमानांना मनाई केली आणि भारतानेही तसंच उत्तर दिलं. तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना लांबचा वळसा पडला आणि वाटेत युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाचं आकाश पाश्चात्त्य कंपन्यांना बंद झालं, त्यांचेही मार्ग लांबले. म्हणजे त्याच दोन शहरांमधला वेळ कंपनीप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतो. नकाशातलं अंतर तेवढंच, वेळ मात्र राजकारणावर.

घड्याळाची गंमत

आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्कचं हिवाळ्यात पाच तास मागे. फरक साडेदहा तास. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ तासभर पुढे सरकवतात, तेव्हा साडेनऊ. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक छापलेल्या असतात. हिवाळ्यात मुंबईहून रात्री १ ला निघून सोळा तासांनी उतरलात तर तिकडे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसहा. कागदावर साडेपाच तासांचा प्रवास! उलट सोमवारी रात्री ९ ला तिकडून निघून चौदा तासांनी मुंबईत उतरलात तर इथे मंगळवारचे रात्रीचे साडेनऊ. कागदावर पूर्ण एक दिवस. म्हणून हिशेब करताना सगळ्या वेळा आधी एकाच घड्याळात आणायच्या, मगच बेरीज-वजाबाकी. युनिट कन्व्हर्जन न करता गणित सोडवलं तर सर मार्क देतात का? तसंच आहे हे.

तक्त्यातला वेळ आणि दारातला वेळ

विमानाच्या वेळापत्रकात जो वेळ असतो तो चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं, उतरायला रांगेत घिरट्या घालणं, सगळं त्यात येतं. लांबच्या प्रवासात हा भाग खपून जातो, जवळच्या प्रवासात डोळ्यांत भरतो.

आपल्या सोलापूरचंच बघा. होटगी रोडच्या विमानतळाजवळची सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, तो दिवस सोलापूरकर विसरणार नाहीत. कुणाला विमान हवं होतं, कुणाला कारखान्याची काळजी होती, आणि बाजू दोन्ही खऱ्या होत्या. पुढे ९ जून २०२५ ला गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली. सोलापूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ३६० किमी. ताशी ८०० ने भागलं तर सत्तावीस मिनिटं! तक्त्यात मात्र साधारण तास. त्यात भवानी पेठेतून होटगी रोडला अर्धा तास, दीड तास आधी हजेरी, मुंबईत सामान घेऊन दादरला जायला तासभर. झाले चार तास. रेल्वेमार्ग ४५५ किमीचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतला साडेसहा तास लागतात. विमान रेल्वेच्या कितीतरी पट वेगवान, पण दारापासून दारापर्यंत फरक फार तर दोन-तीन तासांचा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये झोपून जाणारा तर म्हणेल, 'माझा वेळ गेलाच कुठे बे?'

एका बोळातला हिशेब

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. मागच्या हिवाळ्यात, परीक्षेनंतर मी घरी असताना, आमच्या बोळातले एक काका मंगळवारी पहाटे पाचला गेले. आयुष्य मागावर काढलेलं. एकुलता एक मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. साडेपाचला त्याला फोन लागला, तिकडे सोमवारचे संध्याकाळचे सात. तो म्हणाला, 'निघतोय, थांबा.'

ओट्यावर जमलेल्या मंडळींत चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, विमान पंधरा तासांत येतं, आज रात्रीच पोचेल. कुणी म्हणालं, छे, दोन दिवस लागतात, इतकं ठेवायचं नाही, दुपारीच उरकून घ्या. काकू काहीच बोलत नव्हत्या. आजीने मला हाक मारली, 'एवढी शिकतीस, जरा कागदावर मांडून सांग बघू.'

मुलाला त्या रात्री थेट विमानाची जागा मिळाली नाही. दुबईत विमान बदलून यायचं होतं. मी फोनवर त्याच्याकडून वेळा घेतल्या आणि सगळं आपल्या घड्याळात मांडलं. न्यूयॉर्कहून त्यांच्या रात्री ११ ला सुटका, म्हणजे आपले मंगळवार सकाळचे साडेनऊ. दुबई ११,००० किमी, वारा पाठीमागून, साडेबारा तास : रात्रीचे दहा. तिथे तीन तास थांबा : बुधवार पहाटेचा एक. पुढे मुंबई तीन तास : चार. बाहेर पडायला सव्वा तास, मग चारशे किमी रस्ता, पावणेआठ तास. म्हणजे बुधवारी दुपारी एक.

गंमत बघा, दुबईमार्गे मुंबईचं एकूण अंतर जवळजवळ १२,९५० किमी. थेट मार्गापेक्षा चारशेनेच जास्त. अंतराने नाही, थांब्याने आणि रस्त्याने वेळ खाल्ला होता. मग रस्ताच कमी करता येईल का? आपण सोलापूरकर परदेश म्हटलं की मुंबईच धरतो. पण हैदराबाद आपल्याला तीनशे किमीवर आहे आणि रस्ता सरळ. दुबई-हैदराबाद उड्डाण मुंबईपेक्षा चाळीस मिनिटं जास्त, पण पुढचा रस्ता दोन तासांहून जास्त कमी. तेच मांडलं : पहाटे पावणेपाचला हैदराबाद, पावणेसहाला बाहेर, साडेअकराला घर. मुलाने तिकीट तसंच काढलं. पुण्याचा रस्ता याहूनही कमी, पण परदेशातून थेट तिथे उतरणारी विमानं मोजकीच.

कागदावर मी एकच ओळ लिहून दिली : 'बुधवार, सकाळी साडेअकरा ते दुपारी एक.' मोठ्या माणसांनी तो कागद दोनदा वाचला. मग काकूंनी पहिल्यांदा तोंड उघडलं, 'बारापर्यंत थांबूया.' वाद संपला. बर्फाची पेटी तीस तासांसाठी सांगितली. लांबच्या पाहुण्यांना रात्रभर धावत येऊ नका म्हणून निरोप गेले. विधी बुधवारी दुपारी ठरले. मुलगा पावणेबाराला बोळाच्या तोंडाशी गाडीतून उतरला. फोन ठेवल्यापासून सव्वातीस तास.

पंधरा तास म्हणणारे चूक होते आणि दोन दिवस म्हणणारेही. पण त्या सकाळी दोघांपैकी कुणाचंही ऐकलं असतं, तरी ते नंतर दुरुस्त करता आलं नसतं.

जाणाऱ्यांसाठी चार ओळी

तेव्हा जीआरईवाल्यांनो, जायच्या आधी घरच्यांसोबत बसून हा हिशेब एकदा शांतपणे करा. आपल्या गावाला खरंच जवळचा विमानतळ कोणता? सोलापूर, लातूर, धाराशिववाल्यांनी हैदराबाद तपासा. बेळगाव, सिंधुदुर्गवाल्यांनी गोवा. शेवटच्या टप्प्याला रात्री गाडी मिळते का? तिकडे गेल्यावर पासपोर्ट आणि परत जाण्याच्या व्हिसाची मुदत तपासत राहा, कारण मुदत संपलेली असली तर सगळं त्रिकोणमिती गणित फुकट. आणि घरात एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : निघाल्यापासून दारात येईपर्यंत साधारण किती तास, आणि उन्हाळा-हिवाळ्यात घड्याळाचा फरक किती.

आमच्या आजीने तसा कागद देवघराच्या बाजूला चिकटवला आहे, माझं अजून काही ठरलेलं नसताना. त्यावर किलोमीटर लिहायला मी विसरले नव्हते, तिनेच नको म्हटलं. 'ते तुझ्या परीक्षेला लिही,' म्हणाली, 'इथं तास लिही.'